कागदावर घटलेला, हवेत वाढलेला वायू

जालना म्हटले की लोखंडी सळया, बियाणे आणि मोसंबी आठवतात. एचसीएफसी-२२ हा शीतकारक वायू तयार करणारा एकही कारखाना या जिल्ह्यात नाही; देशातील असे कारखाने गुजरात, राजस्थान, तामिळनाडू आणि तेलंगणात उभे राहिले. तरीही 'आर-२२' या नावाने हाच वायू जालन्यासारख्या शहरांतील जुन्या वातानुकूलन यंत्रांत वर्षानुवर्षे भरला गेला. तो बनताना काय घडते आणि त्याबाबत भारत व चीन कसे वागले, हे त्यामुळेच पाहण्यासारखे आहे.

एचसीएफसी-२२ च्या निर्मितीत एचएफसी-२३ हा नको असलेला वायू उपउत्पादन म्हणून निघतो. प्रमाण मुख्य उत्पादनाच्या साधारण दीड ते चार टक्के; पण शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४,६०० पट. उपाय मात्र अवघड नाही. अतिउच्च तापमानाच्या भट्टीत तो जाळून टाकता येतो.

क्योटो करारातील स्वच्छ विकास यंत्रणेने या जाळण्याला बाजारभाव मिळवून दिला. अशा १९ प्रकल्पांपैकी ११ चीनमध्ये, ५ भारतात होते. वायू नष्ट करण्याचा खर्च किरकोळ आणि त्यातून मिळणाऱ्या कार्बन क्रेडिटची किंमत भरघोस, असा हा व्यवहार होता. चीन सरकारने या उत्पन्नातील ६५ टक्के वाटा आपल्याकडे घेतला. भारतात एवढी मोठी वसुली झाली नाही. टाकाऊ वायूच कमाईचे साधन ठरल्यावर तो कमी निर्माण व्हावा असे कोणाला वाटणार? अखेर मे २०१३ पासून युरोपीय महासंघाने या क्रेडिटना आपल्या बाजाराची दारे बंद केली.

पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. चीनने वायू जाळण्यासाठी कारखान्यांना अनुदान दिले. भारताने ऑक्टोबर २०१६ मध्ये, किगाली येथील वाटाघाटी सुरू असतानाच, पाच उत्पादकांना तो स्वखर्चाने जाळण्याचा आदेश दिला. तत्त्व म्हणून भारताची भूमिका निःसंशय अधिक सरळ होती.

पण हवेने वेगळीच साक्ष दिली. दोन्ही देशांच्या अहवालांवर विसंबल्यास २०१४ ते २०१७ या काळात जागतिक उत्सर्जन ८७ टक्क्यांनी घटायला हवे होते. प्रत्यक्षात २०१८ मध्ये ते सुमारे १५,९०० टन, म्हणजे तोवरचे सर्वाधिक असल्याचे 'नेचर कम्युनिकेशन्स'मधील २०२० च्या संशोधनाने दाखवले. दक्षिण कोरियातील जेजू बेटावरील मोजमापांतून पुढे पूर्व चीनकडे बोट गेले. भारताने यावर पाठ थोपटून घेऊ नये. आपल्या उपखंडातील हवेचे असे सलग मोजमाप विरळ आहे. पुरावा हाती नसणे म्हणजे निर्दोष सुटका नव्हे.

जालन्याचा संबंध येतो तो किगाली दुरुस्तीच्या वेळापत्रकातून. शीतकरणातील एचएफसी वायूंचा वापर चीनने २०२४ मध्ये गोठवायचा आणि २०४५ पर्यंत ८० टक्के घटवायचा आहे. भारताला गोठवणुकीसाठी २०२८ ची मुदत आहे. २०४२ पर्यंत केवळ ३० टक्के कपात आणि २०४७ पर्यंत एकदम ८५ टक्के. ही सवलत वरवर सोयीची वाटते. प्रत्यक्षात सगळा भार शेवटच्या पाच वर्षांवर ढकलला गेला आहे. मोसंबीसाठी किंवा बियाण्यांसाठी २०३० नंतर उभारलेली, पंधरा-वीस वर्षे चालणारी शीतखोली नेमकी त्याच टप्प्यात सापडेल. तेव्हा वायू महाग झालेला असेल आणि यंत्र बदलण्याचा खर्च वायू बनवणाऱ्या कंपनीवर नव्हे, तर शेतकऱ्यांच्या गटावर किंवा छोट्या व्यापाऱ्यावर येईल. मोठी शीतगृहे बहुतांशी अमोनियावर चालतात, त्यांना ही झळ कमी. छोट्या शीतखोल्यांसाठीच्या अनुदानात मात्र कोणता वायू वापरायचा, ही अट आताच घालावी लागेल.