स्वातंत्र्य नको म्हणणारी बेटे

वसाहत म्हटली की तिला स्वातंत्र्य हवेच असणार, असे आपण गृहीत धरतो. ब्रिटनच्या ताब्यात आजही सागरापलीकडचे 14 छोटे प्रदेश आहेत. त्यांतील 10 संयुक्त राष्ट्रांच्या स्वशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत आहेत. पण तेथील लोकांना विचारले की उत्तर निराळेच येते. बर्म्युडाने 1995 च्या सार्वमतात सुमारे 73 टक्के मतांनी स्वातंत्र्य नाकारले, आणि स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते पंतप्रधान जॉन स्वान यांना पायउतार व्हावे लागले.

कॅरिबियन समुद्रातील अँग्विलाची हकीकत त्याहून बोलकी आहे. 1967 साली लंडनने हे बेट सेंट किट्स व नेव्हिसला जोडून तिघांना मिळून अंतर्गत स्वराज्य दिले. कारभार अर्थातच सेंट किट्सच्या हाती. अँग्विलाकरांनी मे महिन्यात सेंट किट्सचे पोलीस बेटावरून घालवून दिले. जुलैत सार्वमत घेतले. वेगळे होण्याच्या बाजूने 1813 मते, विरुद्ध फक्त 5! पुढे त्यांनी प्रजासत्ताकही जाहीर केले. मार्च 1969 मध्ये ब्रिटिश छत्रीधारी सैनिक आणि लंडनचे पोलीस बेटावर उतरले, पण रक्त सांडले नाही. भांडण मुळात सेंट किट्सशी होते. अखेर 1980 मध्ये अँग्विला रीतसर वेगळे झाले. सेंट किट्स व नेव्हिस 1983 साली स्वतंत्र झाले. अँग्विला आजही ब्रिटनकडेच आहे.

याला गुलामी वृत्ती म्हणणे सोपे आहे, मला ते पटत नाही. लहान बेटाला दूरच्या राजापेक्षा शेजारच्या थोरल्या भावाचे भय जास्त वाटते, आणि ते वावगे नाही. शिवाय 2002 पासून या प्रदेशांतील बहुतेकांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व आहे. अर्थात याची किंमतही आहे. संरक्षण व परराष्ट्र व्यवहार लंडनने नेमलेल्या गव्हर्नरकडे राहतात. टर्क्स व केकॉस बेटांत तर भ्रष्टाचाराच्या चौकशीनंतर 2009 मध्ये मंत्रिमंडळ व विधिमंडळच गुंडाळले गेले. 2012 पर्यंत गव्हर्नरचा एकहाती अंमल होता.

जिब्राल्टरने 2002 मध्ये आणि फॉकलंडने 2013 मध्ये मतदान करून आपले म्हणणे जगाला ऐकवले. चागोस बेटांच्या रहिवाशांना मात्र ती संधी कधीच मिळाली नाही. दिएगो गार्सियाच्या लष्करी तळासाठी 1968 ते 1973 या काळात त्यांना हुसकावून लावले. मे 2025 मध्ये ब्रिटन व मॉरिशस यांनी या बेटांच्या सार्वभौमत्वाचा करार केला, तोही दोन सरकारांमध्येच. ज्यांची घरे तिथे होती त्यांचे सार्वमत आजवर झालेले नाही.