विश्लेषण : ई-स्कूटर घेतली, पण चार्ज कुठे करायची?

'एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते?' ई-स्कूटर घ्यायला निघालेला प्रत्येक जण आधी हेच विचारतो. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरकरांसाठी हा प्रश्न जवळजवळ गैरलागू आहे. कात्रपहून बदलापूर स्टेशन किंवा अंबरनाथ स्टेशनहून आनंदनगर एमआयडीसी, येऊन-जाऊन फार तर आठ-दहा किलोमीटर. पुढे मुंबईपर्यंत लोकल आहेच. १०० किलोमीटर चालणारी बॅटरी आठवडाभर पुरते.

पैसे खरंच वाचतात?

३ किलोवॅट-तासांची बॅटरी भरायला साधारण साडेतीन युनिट लागतात. युनिटला १२ रुपये धरले तरी ४२ रुपये. तेवढ्याच अंतराला पेट्रोलची स्कूटर दोनशेच्या पुढे नेते. पण महिन्याला दोनशेच किलोमीटर फिरणाऱ्याचे वाचतात तीन-साडेतीनशे रुपये. त्याची खरी सुटका होते ती शेअर रिक्षाच्या रांगेतून. मोठी बचत आहे दिवसभर फिरणाऱ्या डिलिव्हरीवाल्यांची. राज्याने २०२५ मध्ये एक लाखावर लोकसंख्येच्या शहरांत बाइक टॅक्सीला परवानगी दिली, तीही फक्त इलेक्ट्रिक बाइकना. आपली तिन्ही शहरं त्यात बसतात.

मग अडतं कुठे?

प्लगपाशी! उल्हासनगरच्या जुन्या इमारतींना पार्किंगच नाही. तिथे बॅटरी काढून घरात नेता येणारी स्कूटरच घ्यावी. जिथे पार्किंग आहे तिथे सोसायटीची कमिटी 'लोड वाढेल' म्हणून नकार देते. घरगुती चार्जर बहुधा इस्त्रीइतकी वीज घेतो, गिझरच्या निम्म्याहूनही कमी. वेगळा सबमीटर बसवला की बिलाचा वादही उरत नाही. आगीची भीती मात्र अगदीच खोटी नाही, पण तिसऱ्या मजल्यावरून सोडलेली एक्स्टेन्शन वायर हाच जास्त मोठा धोका आहे.

माझ्या मते उत्तर स्टेशनच्या पे अँड पार्कमध्ये आहे. चाकरमान्याची गाडी तिथे दहा-बारा तास नुसती उभी असते. बॅटरी भरायला पाच-सहा तास पुरतात. महागडा फास्ट चार्जर नको, रांगेने साधे १५ अँपिअरचे सॉकेट आणि मीटर पुरे. पार्किंगचं कंत्राट देतानाच रेल्वे आणि पालिकांनी ही अट घालावी.

फक्त सॉकेट उंचावर हवेत. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुरात अडकली, तेव्हा बदलापुरात उल्हास नदीलगतच्या सोसायट्यांची पार्किंगही पाण्यात होती. अंबरनाथ-उल्हासनगरला वालधुनी आहेच. कंबरेच्या उंचीवरचा सॉकेट तिथे चालायचा नाही.