प्रशिक्षण वर्गासाठी की वेतनासाठी?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने व मुख्याध्यापकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक प्रशिक्षण घेणे अपेक्षित आहे. शिक्षकाने तर स्वतःच्या आवडीने. व्यवहार काय सांगतो? महाराष्ट्रात प्रशिक्षणाची निकड भासते ती १२ वर्षांनी वरिष्ठ आणि २४ वर्षांनी निवड वेतनश्रेणीसाठी. प्रमाणपत्र सेवापुस्तकात जाते, वर्ग होता तिथेच राहतो.

दोष एकट्या शिक्षकाचा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम २७ ने अशैक्षणिक कामांना बंदी घातली. पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक हे तीन दरवाजे उघडे ठेवले. गुरुपौर्णिमेला गुरुजींना पुष्पहार घालायचा आणि दुसऱ्या दिवशी हाती मतदारयादी द्यायची, हा दंभ आता पुरे! शासनाने शिक्षकाला आधी अभ्यासाचा वेळ द्यावा, मग तासांचा हिशेब मागावा.