पैसा कुणाचाही असो, हिशेब ग्रामसभेत

आम्ही संगमनेर तालुक्यातले शेतकरी, शेतमजूर, मेंढपाळ, बचतगटांतल्या बाया, निवृत्त शिक्षक, म्हणजे इथली घरपट्टी-पाणीपट्टी भरणारी माणसं, आज एक चळवळ सुरू करत आहोत. आमची मागणी एकच आहे. गावात येणारा प्रत्येक सार्वजनिक रुपया, जर्मनीहून आलेला असो, दिल्लीहून असो की आपल्याच घरपट्टीतला, खर्चण्याआधी आणि खर्चल्यावर ग्रामसभेत मोजला गेला पाहिजे.

हे होऊ शकतं, याचा पुरावा आपल्याच तालुक्यात आहे. दरेवाडी हे पर्जन्यछायेतलं, उघड्या माळाचं, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारं गाव. १९९६ ते २००१ या काळात तिथे इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचं काम झालं. पैसा जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी बँकेचा, म्हणजे मुळात तिथल्या करदात्यांचा. तो नाबार्डमार्फत आला. गावाबरोबर उभी राहिली ती फादर हर्मन बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ मध्ये स्थापलेली वॉटर ही संस्था. टँकर थांबला. शेतीतली मजुरी वर्षाकाठी तीन-चार महिने मिळायची, ती नऊ-दहा महिने मिळू लागली.

पाण्याइतकीच मोलाची आम्हाला वाटते ती त्या पैशाला लावलेली शिस्त. आधी श्रमदान, मग निधी. घरच्या बाईमाणसाला आणि गड्याला दोघांनाही बांधावर उभं करून गटवार नियोजन व्हायचं: या तुकड्यात समतल चर, त्या उताराला बांध, खर्च इतका. अकुशल मजुरीतला ठरलेला वाटा गावाने श्रमदानाने उचलायचा. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी ग्रामसभेच्या ठरावाने. बँकेचं खातं गाव पाणलोट समिती आणि संस्था यांच्या संयुक्त सह्यांचं. काम संपल्यावर देखभालीला वेगळा निधी. परक्या देशाच्या पैशासाठी आपल्या माणसांनी हे सगळं पाळलं, आणि नीट पाळलं.

मग आपल्या स्वतःच्या पैशाला ही शिस्त का नाही?

पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ७३वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली. २०१५ पासून चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला आणि ‘आमचं गाव, आमचा विकास’ म्हणत आराखडे तयार होऊ लागले. कागदावर यापेक्षा मोठा अधिकार गावाला कधीच मिळाला नव्हता. पण कित्येक गावांत आराखडा संगणकावर चढतो आणि वाडीवरच्या माणसाला दिसतच नाही. काम मंजूर झाल्याचं जेसीबी आल्यावर कळतं. मोजमाप पुस्तिका मागितली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा म्हणून सांगतात. ज्या महाराष्ट्राने माहिती अधिकाराचा कायदा देशाच्या आधी केला, आणि त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी उपोषण केलं, तिथे हे चालू द्यायचं नाही.

उघड हिशेबाने काय होतं हे युगांडाने जगाला दाखवलं. १९९१ ते १९९५ या वर्षांत तिथल्या सरकारने प्राथमिक शाळांना पाठवलेल्या दरडोई अनुदानातले सरासरी १३ टक्केच शाळेपर्यंत पोचत होते. मग सरकारने रकमा वर्तमानपत्रांत छापल्या, शाळांना त्या दारावर लावायला सांगितल्या. आपल्या शाळेला किती यायला हवे होते हे पालकांना कळलं आणि गळती झपाट्याने कमी झाली.

परकी मदत घेण्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही. पण मदतीवर राज्य चालत नाही, हे महाराष्ट्राला १९७२च्या दुष्काळाने शिकवलं. अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन जगलेल्या या राज्याने नंतर नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला आणि त्यातून रोजगार हमी उभी केली. कायदा १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीसाठी मुंबईतल्या पगारदाराच्या खिशातून कर कापला जाऊ लागला. आमच्या मते सार्वजनिक वित्ताचा याहून चांगला धडा या राज्याने दुसरा दिलेला नाही.

दरेवाडीचंही सगळंच गोड नव्हतं, हे इथे नोंदवतो. चराईबंदीचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. विहिरीला पाणी येतं ते जमीनवाल्याच्या. ज्याची गुजराण शेळ्या-मेंढ्यांवर, त्याचं कुरण बंद होतं. म्हणून आमच्या हिशेबात तोट्याचाही रकाना असेल: या कामाची किंमत कुणी मोजली, आणि त्याला काय मिळालं. भूमिहीनाची आणि मेंढपाळाची भरपाई अंदाजपत्रकात लिहिलेली नसेल, तर त्या कामाला आम्ही ग्रामसभेत हात वर करणार नाही.

उशिराचाही हिशेब मागू. निळवंडे धरण प्रकल्पाची सुरुवात १९७०ची. डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं २०२३ मध्ये, आणि प्रकल्पाचा खर्च पाच हजार कोटींच्या वर गेला. मधल्या काळात एक पिढी पाण्याविना म्हातारी झाली, ते कोणत्याच ताळेबंदात आलं नाही. अशा प्रत्येक मोठ्या कामाचा खर्च आणि प्रगती दरवर्षी लाभक्षेत्रातल्या ग्रामसभांपुढे मराठीत ठेवावी, अशी आमची शासनाकडे मागणी आहे.

आमची स्वतःची बांधिलकीही लिहून देतो. या चळवळीत येणारा प्रत्येक जण आधी आपली घरपट्टी-पाणीपट्टी भरेल. कुठल्याही कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप आणि अंतिम देयक ग्रामसभेत मोठ्याने वाचल्याशिवाय ते काम पूर्ण झालं असं आम्ही मानणार नाही. हेच नियम परदेशी निधीच्या संस्थांना आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीलाही लागू. कोणत्याही पक्षाचा झेंडा इथे लागणार नाही. पक्षात असलेल्यांना मज्जाव नाही, पण आपल्या पक्षाच्या सरपंचालाही त्यांनी हाच प्रश्न विचारायचा.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. यातली जी ग्रामसभा पुढे येईल, तिला या. बायकांनो, तुम्ही तर नक्की या, कारण दरेवाडीत बांधावरचं नियोजन बायकांशिवाय झालं नव्हतं. येताना भरलेल्या कराची पावती आणा, आणि मागच्या वर्षी तुमच्या वाडीवर झालेल्या एका कामाचा हिशेब उभं राहून मागा.