बार मिट्झ्वा: सेवा समारंभानंतर सुरू व्हावी

अमेरिकेत ज्यू मुलांच्या बार मिट्झ्वाची तारीख अनेक सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनामंदिरांत) दोन-तीन वर्षे आधीच ठरते आणि घर तयारीला लागते. मुलगा तेरा वर्षांचा झाला (मुलगी काही पंथांत बाराव्या वर्षी, काहींत तेराव्या) की धर्माच्या आज्ञा (मिट्झ्वा) पाळण्याची जबाबदारी त्याची स्वतःची होते, आणि त्याची खूण म्हणून तो सर्वांसमोर तोरा हा धर्मग्रंथ वाचतो. हे वाचन सोपे नाही. चर्मपत्राच्या गुंडाळीवर नुसती व्यंजने लिहिलेली असतात. स्वरचिन्हे नसतात, चालीच्या खुणाही नसतात. म्हणून उच्चार आणि चाल महिनोन्महिने घोकून पक्की करायची आणि अक्षरांना बोट लागू न देता, बहुधा चांदीच्या, छोट्या दर्शकाने ओळीमागून ओळ वाचत जायचे. त्यानंतर मेजवानी. गेल्या काही दशकांत अनेक सिनेगॉगनी याला सेवेची जोड दिली आहे. मुले अन्नाचे डबे गोळा करतात, जुने बूट किंवा खेळाचे साहित्य जमवतात, एखाद्या संस्थेसाठी निधी उभा करतात. हा झाला ‘मिट्झ्वा प्रोजेक्ट’. कल्पना चांगलीच आहे, पण तिची जागा चुकली आहे. जी सेवा समारंभाआधी उरकली जाते, ती त्या दिवसानंतर सुरू व्हायला हवी.

हे मी धर्माबाहेरून आणलेले मत नाही. मुलाचे वाचन झाले की वडील परंपरेने एक छोटा आशीर्वाद म्हणतात. या मुलाच्या कर्माच्या भारातून आपल्याला मोकळे केल्याबद्दल ते देवाचे आभार मानतात. म्हणजे भार उतरतो तो त्या दिवशी, आणि मुलाच्या खांद्यावर येतो तोही त्याच दिवशी. शिवाय तेराव्या वर्षापासून मुलगा मिन्यानमध्ये, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा प्रौढांमध्ये धरला जातो. उदारमतवादी पंथांत मुलीही धरल्या जातात. ज्याच्या घरात मृत्यू झाला आहे त्याला कद्दिश ही प्रार्थना या दहा जणांशिवाय म्हणता येत नाही. नऊ जण जमले आहेत, दहावा येत नाही आणि शोकात असलेला मुलगा दाराकडे बघतो आहे, अशा वेळी तेरा वर्षांचे पोर नुसते येऊन उभे राहिले तरी केवढे काम होते! आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना, ज्यांना आपण शनवार तेली म्हणून ओळखत आलो, हे वेगळे सांगायला नको. 1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली आणि गावोगावच्या सिनेगॉगमध्ये दहा माणसे जमवणे अवघड होऊन बसले. वयात आलेल्या मुलाची पहिली सेवा परंपरेने अशी ठरवून ठेवली आहे: हजर राहणे, आणि पुन्हा पुन्हा हजर राहणे.

प्रोजेक्टमध्ये नेमके हेच निसटते. त्याला शेवटची तारीख असते, फलक असतो, समारंभातल्या भाषणात दोन वाक्ये असतात आणि दुसऱ्या दिवशी तो संपतो. आपल्याकडे मुंजीतल्या भिक्षावळीचे असेच झाले. शिकत असेतो रोज पाळायचे व्रत मांडवातल्या तासाभरात मावू लागले. अमेरिकेत तर बार मिट्झ्वा झाला की सिनेगॉगची शाळा सोडून देणाऱ्या मुलांची चिंता इतकी वाढली, की 2012 मध्ये उदारमतवादी रिफॉर्म पंथाच्या संस्थांनी हा संस्कारच नव्याने घडवण्याची मोहीम काढली. प्रवेशाचा सोहळा निरोपाचा सोहळा होऊन बसला होता. त्याआधी, विसाव्या शतकातले मोठे सनातनी धर्मशास्त्री रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी तर, आपल्या हाती असते तर अमेरिकेतला हा समारंभ बंदच केला असता, असे लिहून ठेवले आहे. मी तितक्या टोकाला जाणार नाही. आनंद हवाच. पण बाराव्या शतकातल्या मायमोनिदीस या ज्यू पंडिताने सणाच्या जेवणाबद्दल सांगितले ते इथेही लागू पडते: दार लावून फक्त आपल्या माणसांसोबत जेवणाऱ्याचा आनंद हा त्याच्या पोटाचा आनंद. भूकनिवारणाचे काम करणारी ‘माझोन’ ही संस्था 1985 मध्ये निघाली तीच मेजवानीच्या खर्चातले तीन टक्के मागत. या मागणीत मला एक शहाणपण दिसते. ती मेजवानी रद्द करा म्हणत नाही, दार उघडा म्हणते.

यावर जाणते लोक म्हणतील, बार मिट्झ्वाचा गाभा तोरा आहे. समाजसेवा कोणत्याही शाळेत करता येते. हा वाद जुना आहे. अभ्यास मोठा की कृती, यावर तालमूद या प्राचीन धर्मशास्त्रीय ग्रंथात रब्बी अकिवा आणि रब्बी तार्फोन यांची चर्चा आहे आणि कौल अभ्यासाच्या बाजूने लागतो. कारण मात्र असे दिले आहे की अभ्यास माणसाला कृतीकडे नेतो. कृतीकडे न नेणारे पाठांतर या कौलाचा आधार घेऊ शकत नाही. परंपरेत ढवळाढवळ नको, असेही म्हटले जाईल. पण अमेरिकेतला पहिला बात मिट्झ्वा मानला जातो तो जूडिथ कॅप्लनचा, 18 मार्च 1922 चा. मुलींचा हा समारंभ आज जगभर होतो, आणि त्या दिवसाला अजून दीडशे वर्षेही झालेली नाहीत. सक्तीची सेवा ही सेवाच नव्हे, हा तिसरा आक्षेप आजच्या कानांना पटतो, पण ज्यू विचाराला पटत नाही. आज्ञा आहे म्हणून करणारा हा मनात आले म्हणून करणाऱ्यापेक्षा थोर, असे तालमूद सांगते. मला यात माणसाची खरी पारख दिसते. उत्साह पहिल्या महिन्यात पुरतो. सहाव्या महिन्यात, पावसात, कंटाळा आलेला असताना वृद्धाश्रमात जायला लागते ती बांधिलकी.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. गरिबाला मुलाच्या संस्काराचे साहित्य करून टाकायचे, फोटो काढायचे आणि निघून जायचे, ही त्याची विटंबना आहे. हे खरे आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे. मायमोनिदीसने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. देणाऱ्याला घेणारा आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नसावा ही पायरी त्याने वरून दुसरी ठेवली. सर्वांत वर ठेवले ते कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला पायावर उभे करणे. तेरा वर्षांचे मूल कुणाला नोकरी देऊ शकत नाही. पण नव्याने आलेल्या निर्वासित कुटुंबातल्या मुलाला वर्षभर इंग्रजी वाचायला मदत करू शकते, एकाच आजारी शेजाऱ्याकडे दर पंधरवड्याला जाऊ शकते. एका माणसाकडे सतत जाणाऱ्याला त्याचे नाव, त्याच्या सवयी, त्याचा राग कळतो. मग तो फोटोतला गरीब राहत नाही. काय हवे हेही त्यालाच विचारावे. कित्येकदा त्याला डबे नको असतात, सोबत हवी असते.

यासाठी सिनेगॉगला फार काही करावे लागणार नाही. तारखेचे पत्र देताना समारंभानंतरच्या पहिल्या आठवड्यापासूनची पाळीही लिहून द्यावी, आणि त्या पाळीत एका पालकाचे नाव मुलासोबत असावे. शाळा, खेळ, शिकवण्या यांतून वेळ कुठून काढायचा, हे पालकांचे म्हणणे मला समजते. पण तोरा वाचण्याच्या सरावासाठी याच मुलाने आठवड्याचे काही तास महिनोन्महिने काढले होतेच. समारंभ झाल्यावर ते तास मोकळे होतात.