कोरोनात अमेरिकेच्या शेतकऱ्यांना मदत मिळाली, पण जास्त कुणाला?

एप्रिल 2020. अमेरिकेत हॉटेलं, शाळा बंद. मांस कारखान्यांत कोरोना शिरलेला. शेतमालाचे भाव कोसळले आणि 17 तारखेला ट्रम्प सरकारनं 1,900 कोटी डॉलरची मदत जाहीर केली. त्यातले 1,600 कोटी थेट शेतकऱ्यांना मिळणार होते.

अर्ज करायचा तो आपल्या काउंटीतल्या कृषी कार्यालयात. (काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका किंवा जिल्हा समजा.)

खरी गोम होती हिशेबात. शेतकरी किती अडचणीत आहे हे कुणी विचारलं नाही, माल किती हे विचारलं. मधल्या तीन महिन्यांत विकलेल्या, कत्तलीसाठी तयार जनावरामागे 214 डॉलर. म्हणजे 20 जनावरं विकणाऱ्याला 4,280 डॉलर आणि त्याच काउंटीत हजार विकणाऱ्याला 2 लाख 14 हजार! कमाल मर्यादा माणशी अडीच लाख. कंपनीच्या नावावर शेती असेल आणि तीन भागीदार त्यात राबत असतील, तर साडेसात लाख.

मोठ्याचं नुकसानही मोठंच, हा युक्तिवाद खोटा नाही. पण गावच्या बाजारात चांगल्या दरानं भाजी विकणाऱ्याचं नुकसानही देशभरासाठी ठरवलेल्या एकाच दरानं मोजलं गेलं. सप्टेंबरमधल्या दुसऱ्या टप्प्यात फळं-भाज्यांसाठी 2019 च्या प्रत्यक्ष विक्रीचा आधार घेतला. तोवर उन्हाळ्याचा हंगाम उलटून गेला होता.