कातीत न उतरलेला रंग



चातुर्मास लागला की भद्रावती तालुक्यातील आमच्या माजरीत दोन गोष्टी हमखास घडतात. कोळशाच्या धुळीने काळवंडलेली झाडे धुऊन निघतात आणि उंदरांच्या मागावर साप धान्याच्या गोदामात शिरतात. यंदा पोत्यांच्या थप्पीमागे चार हात लांबीची कात सापडली. सांगताना संकोच वाटतो, परंतु पहिली काठी मीच मागवली. तेवढ्यात नातीने ती कात उजेडात धरून विचारले, "आजोबा, सापाचा रंग कुठे गेला?"

काठी तशीच राहिली. उत्तर शोधताना जे कळले, ते आपणांसमोर ठेवतो.

कात म्हणजे बाह्यत्वचेचा वरचा मृत थर. आपल्या नखांप्रमाणेच केराटिनचा. रंग वसतो तो त्याखालच्या जिवंत अंतस्त्वचेत. त्यामुळे कातीवर फार तर नक्षीची पुसट सावली उमटते. खरा रंग सापाबरोबर निघून जातो.

या अंतस्त्वचेत साधारणतः रंगपेशींचे तीन थर असतात. वरच्या पेशींत पिवळी वा तांबडी रंगद्रव्ये असतात. तळाच्या पेशींत मेलॅनिन असते. ते आपल्या कोळशासारखा प्रकाश गिळून टाकते. खरे नवल मधल्या थराचे आहे. तिथे रंगद्रव्य नसतेच. असतात ते ग्वानिनचे अतिसूक्ष्म, रंगहीन स्फटिक. हेच ग्वानिन आपल्या डीएनएतील चार मूलघटकांपैकी एक आहे.

रंगहीन वस्तूतून रंग कसा निघावा? साबणाचा फुगा आठवा. त्याच्या पाण्यात रंग नसतो, तरी पातळ पापुद्र्यावरून परतणारा प्रकाश रंगीत दिसतो. कापडाचे व्यापारी हे सहज ओळखतील. साध्या कापडाचा रंग धाग्यात मुरलेला असतो. धूपछाँवची झळाळी मात्र उभ्या-आडव्या धाग्यांच्या विणीतून येते. स्फटिकांच्या मांडणीतून असाच निळा प्रकाश परततो, वरच्या पिवळ्या थरातून गाळला जातो आणि साप हिरवा दिसतो. संग्रहालयात मद्यार्कात ठेवलेले काही हिरवे साप कालांतराने निळे पडतात, कारण पिवळे द्रव्य विरघळते आणि स्फटिकांची रचना मागे उरते.

शॅमेलिऑन सरड्याने तर ही वीण हलती ठेवली आहे. मादागास्करच्या एका शॅमेलिऑनचा अभ्यास करून जिनिव्हा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली दाखवून दिले की, नर शांत असताना हे स्फटिक दाटीने बसलेले असतात आणि तो हिरवा दिसतो. प्रतिस्पर्धी समोर आला की स्फटिकांमधील अंतर वाढते आणि अंग पिवळे, नारिंगी होते.

शब्द फिरवणाऱ्या माणसाला आपण बाजारात 'सरड्यासारखा रंग बदलणारा' म्हणतो. शॅमेलिऑन मात्र केवळ लपण्यासाठी रंग बदलत नाही. राग, भीती, उन्हाची गरज तो अंगावर उघड मांडतो. मनातले लपवण्यासाठी रंग बदलतो तो माणूस. तरीही आपल्या विदर्भात आढळणारा हा निर्विष जीव विषारी समजून ठेचला जातो.

आमच्या गोदामातून सर्पमित्राने धामण बाहेर काढली. तीही बिनविषारी, आणि उंदरांचा फडशा पाडणारी. म्हणजे आमच्याच धान्याची बिनपगारी राखणदार. भद्रावतीच्या तीर्थात पार्श्वप्रभूंच्या मस्तकावरील फण्यापुढे मी वर्षानुवर्षे हात जोडत आलो, आणि गोदामात त्याच कुळातील जीवासाठी काठी मागवली! नातीच्या प्रश्नाने तेवढी विसंगती ध्यानात आणून दिली.

पावसाळ्यात आपल्या दुकानात वा गोदामात साप दिसला, तर स्वतः पकडू नये आणि मारूही नये. दुरून नजर ठेवावी, मुलांना बाजूस घ्यावे, सर्पमित्रास किंवा वनविभागास कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही या जीवांना संरक्षण दिले आहे. परंतु जीवदया हा ज्यांचा कुलधर्म, त्यांना कायद्याची आठवण करून देण्याची वेळ का यावी?

धामण झुडपात शिरली तेव्हा क्षणभर ऊन पडले आणि तिचे खवले झळाळले. नात म्हणाली, "आजोबा, रंग सापडला!"